सोडून दिलेल्या पिसवा

बायनाबाईने मांजरीच्या शेपटीच्या मुळाशी उवांची फणी टेकवली आणि अलगद खाली ओढली. दातांत केसांचा पुंजका आला आणि पुंजक्यात काहीतरी काळं वळवळलं. ते उडी मारायच्या आत तिने फणी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि फडक्याची मूठ केली. मूठ अशी, की आतला जीव निसटू नये आणि चिरडूही नये.

"बसली का व पाहुणे निवडत?" कुडाच्या पलीकडून गिरजाबाईने विचारलं. गिरजाबाई शेजारीण, बायनाबाईच्याच वयाची, आणि तिच्या जिभेला कधी सुट्टी नसायची.

"झालंच आता. एवढे पोचवून येते."

"माह्या बकऱ्याइकडं नको पोचवू माय! तुह्या देवाले सांग, तिकडं जंगलात जागा कर म्हणा त्याइची."

बायनाबाई हसली. उठून परसात गेली. मोहाच्या झाडाखाली वाळक्या पाल्याचा ढीग होता, त्यावर तिने फडकं हळूच झटकलं. पिसवा कुठे उडाल्या ते दिसलंही नाही. झिंगी मांजर तिच्या मागोमाग आली, पाल्यावर अंग टाकलं आणि मागच्या पायाने मान खाजवू लागली. हे रोजचं होतं. बायनाबाईला ते रोज दिसत होतं. पण दिसणं आणि कळणं यांच्यामध्ये कधीकधी सबंध पावसाळा जातो.

आषाढीला विठोबाच्या देवळात बाया जमल्या होत्या. चातुर्मासात कोण काय सोडणार, ते एकेकीने देवापुढे सांगायचं, अशी गावची रीत. कोणी वांगं सोडलं, कोणी कांदा, कोणी चहातली साखर. बायनाबाईची पाळी आली तेव्हा ती पदर सावरून म्हणाली, "मी जीव मारणं सोडलं."

देवळात हसू फुटलं. ढिवराची बाई! जन्म गेला पावशीच्या पात्यावर मासळी कापण्यात. कुरखेड्याच्या बाजारात तिच्या टोपल्यापाशी माणसं थांबायची ती तिचा हात चालताना पाहायला. गिरजाबाई तर म्हणाली, "आमी वांगं खाऊन नेम सोडू. तू काय मारून सोडशील व?"

पण बायनाबाईचा हिशोब साधा होता आणि तो देवाशी होता. वैशाखात तिचा नवरा मनसाराम तलावात जाळं फेकताफेकता तिथेच पाण्यात बसला. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. गडचिरोलीच्या दवाखान्यातून त्याला खाटेवर आणून ठेवलं; आता सेवाच करा, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तिला वाटलं, आपल्या हातून इतके जीव गेले, त्यांचं काही त्याच्या अंगावर आलं असेल. कार्तिकीपर्यंत आपला हात थांबवू. देव त्याचा हात हलवील.

तेव्हापासून तिने डास मारला नाही, फुंकून घालवला. साखरेला मुंग्या लागल्या तर ताट उन्हात ठेवून त्या निघून जाईपर्यंत वाट पाहिली. तलावातला घरचा हिस्सा गावातल्या मुखरूला देऊन टाकला. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, एक अध्याय, आणि मग मनसारामचं अंग पुसणं. हे सगळं ती इतक्या हळू, आवाज न करता करायची, की सून भाग्यश्री म्हणायची, "आई, तुम्ही घरात आहा का नाई तेच समजत नाई."

झिंगी मनसारामची. पिल्लू असताना ती त्याच्या छोट्या होडीत, डोंग्यात, सापडली, झिंग्यांच्या पाटीत तोंड घालून बसलेली. "हे तं माह्यापेक्षा पट्टीची ढिवरीण आहे," म्हणत त्याने तिला धोतरात गुंडाळून घरी आणलं होतं. तो खाटेला खिळला, तशी ती त्याच्या मेल्या अंगाच्या बाजूला येऊन निजू लागली. डावा हात छातीवरून ओढत नेऊन तो तिच्या पाठीवर ठेवायचा. दिवसभरात त्याच्याकडे तेवढंच काम उरलं होतं.

श्रावण लागला आणि मांजर खाजवू लागली. आधी मान, मग पाठ, मग शेपटीचं मूळ. बाजरीच्या दाण्यांएवढ्या खपल्या धरल्या. खपल्या ती दातांनी उपटायची, रक्त यायचं, पुन्हा खपली धरायची. पोटावरचे केस चाटून चाटून गेले, आतली गुलाबी कातडी दिसू लागली. तिचा मागचा पाय चालू झाला की खाट हलायची, ठक ठक ठक, आणि मनसाराम डोळे उघडायचा. मग डावा हात खाटेच्या दांडीवर आपटायचा. "अं... अं..."

"झिंगी पाह्यजे का?" बायनाबाई विचारायची. मांजर खाली उतरलेली असली तर उचलून त्याच्या पायापाशी ठेवायची. तो डोळे मिटून मान एका बाजूला टाकायचा. तिला वाटायचं, बरं वाटलं.

तिने कडुनिंबाच्या पाण्याने मांजर धुतली. करंजीचं तेल लावलं, तर तिने ते चाटलं आणि दिवसभर ओकत राहिली. मग तेल बंद झालं आणि फणी राहिली.

मुलगा निकेश धान गिरणीचा ट्रॅक्टर चालवायचा. एक दिवस तो जेवायला आला आणि ताटावरूनच म्हणाला, "आई, मांजर पोत्यात घालतो नि नदीपल्याड सोडून येतो."

"काऊन गा?"

"खरुज लागली तिले. घरात लेकरू येऊन राह्यलं." त्याने भाग्यश्रीकडे पाहिलं. तिला सहावा लागला होता.

"ते खरुज नाई."

"तुले काय मालूम?"

"तिले नेशील, तं तुहा बाप दिवसभर कोणावर हात ठेवीन?"

निकेशने भातासाठी ताट पुढे केलं. भाग्यश्रीने त्याच्या ताटात भात वाढला आणि सासूकडे वळली. "आई, नेम तुमचा आहे, माहा तं नाई. तुमी नुसत्या धरून द्या. नखावर घेऊन मी चिरडतो ना."

बायनाबाईने नकारार्थी मान हलवली. पोर मनापासून बोलत होती. "धरून देणारी तं मीच झाली ना व, माय."

"पोळ्यापावतर ठेव," निकेश उठत म्हणाला. "मंग मी कोणाचं आयकणार नाई."

पोळा जवळ आला तशी बायनाबाईने मासळीचं जुनं टोपलं काढलं, खाली गोणपाट घातलं, मांजर बसवली आणि वरून फाटक्या जाळ्याचा तुकडा बांधला. काळीपिवळी जीपमध्ये बसली. टोपलं मांडीवर हलत होतं.

"काय मावशी, वाम मासा नेऊन राह्यली का?" समोरच्या माणसाने विचारलं. "जित्तीच आहे वाटते!"

"जितीच आहे बाप्पा," ती म्हणाली, आणि आतून म्यांव झालं. अख्खी गाडी हसली. "वाम बोलते बे!" कोणीतरी मागून ओरडलं. बायनाबाईही पदराआड हसली. किती दिवसांनी हसली होती.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीण होती, हर्षा. पलीकडच्याच गावची पोर. तिची आई बायनाबाईकडची बारकी मासळी न्यायची आणि भाव न करता न्यायची, म्हणून ते घर बायनाबाईच्या लक्षात होतं. हर्षाने तिला खुर्ची दिली, मांजर टेबलावर घेतली. मोजे घातलेल्या बोटांनी केस उलटे केले, खपल्या पाहिल्या. मुळाशी मिरपुडीसारखं काळं काही होतं. ते तिने ओल्या कापसावर घेतलं. कापसावर हळूहळू तांबूस डाग पसरला.

"हे रक्त आहे मावशी. पिसवा रक्त पेतेत नि ही त्याइची घाण. खरुज नाई हे."

"मी तेच म्हणत होती."

"हिले पिसूच्या थुंकीचं वावडं आहे. काई माणसाइले झिंगे खाल्ले की अंगावर गांधी उठतेत ना, तसं. खूप पिसवा लागत नाई. एक चावली तरी कितीक दिवस खाजत राह्यते."

"एकच?"

"एकच. म्हणून हिच्या अंगावर, हिच्या जागेवर एकबी ठेवाची नाई. फणी लावता म्हणता ना? काढल्यावर साबणाच्या पाण्यात टाकता का?"

बायनाबाईने पदराचा कोपरा बोटाला गुंडाळला. "सोडते."

"म्हणजे?"

"सोडून देते. परसात, मोहाखाली."

हर्षाला आधी गंमतच वाटली. मग तिने बायनाबाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठांवरचं हसू मागे घेतलं. "काऊन मावशी?"

बायनाबाईने सांगितलं. देवळातलं, वैशाखातलं, सगळं. हर्षा ऐकत होती आणि ऐकताना तिचा एक हात मांजरीच्या डोक्यावर होता. तिच्या घरात असे नेम नव्हते. पण तिने नावं ठेवली नाहीत.

"नेमाचं मी काय बोलू मावशी. ते तुमचं. पण मांजरीचं सांगतो. सोडलेल्या पिसवा जंगलात जात नाई. जिथं ऊब असन तिथं वापस येतेत. भेगाइत अंडे टाकतेत, गोधडीत टाकतेत." तिने मांजरीला खाज कमी व्हायची सुई दिली आणि कपाटातून एक बारीकशी नळी काढली. "हे मानेच्या मागं, केस बाजूला करून, कातडीवर. तिथं तिची जीभ पुरत नाई. हे मांजरीचंच आहे. कुत्र्याचं, बकरीचं औषध चुकूनबी लावू नका, मांजर मरते त्यानं. दर महिन्याले लावा लागन. नि पांघरुणं उकळत्या पाण्यात टाका."

"यानं पिसवा मरतेत?"

"मरतेत."

बायनाबाई नळीकडे पाहत राहिली.

"घरात कोणाले चावतेत का?" हर्षाने विचारलं. "घोट्यापाशी, पायाले? बारीक लाल फोड, एका ओळीत?"

"मले नाई. सुनेले नाई. आमी खालतं मच्छरदानीत निजतो."

"मांजर कोणापाशी निजते?"

"निकेशच्या बाबापाशी."

"त्याइले नाई चावत?"

"ते काई म्हणत..." बायनाबाईचं वाक्य तिथेच राहिलं. हर्षा तिच्याकडे बघत होती. बाहेर कोणाची तरी गाय हंबरत होती. बायनाबाईने नळी पदरात बांधली, टोपलं उचललं आणि पैसे द्यायचेही विसरून दारापर्यंत गेली.

घरी आली तेव्हा ऊन अंगणात होतं. भाग्यश्री तांदूळ निवडत होती. बायनाबाईने टोपलं तिच्याजवळ ठेवलं, पाय धुतले आणि सरळ खाटेशी गेली. मनसाराम जागा होता. तिने त्याच्या पायांवरची गोधडी वर केली.

फोड तिला नवे नव्हते. अंग पुसताना रोज दिसायचे. पावसाळ्याचे डास म्हणून तिने वर खोबरेल लावलं होतं. आता ती खाली बसली आणि जवळून पाहिलं. दोन्ही घोट्यांभोवती, पोटऱ्यांवर ओळीने लाल फोड होते. उजव्या नडगीची कातडी घासून निघाली होती. ते खाटेवर पडून झालं असेल असं ती समजत होती. ते खाटेने झालं नव्हतं. चालत होता तो त्याचा डावाच पाय. त्या टाचेने तो दुसरा पाय घासत होता. आणि डाव्या पायाला खाज सुटली तर घासायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

त्याचा हात दांडीवर आपटू लागला. "अं... अं..."

"खाजवते का?" तिने विचारलं.

हात थांबला.

कितीतरी दिवसांत तो असा थांबला नव्हता. मनसाराम तिच्याकडे पाहत होता. डोळ्याच्या कडेतून पाणी निघालं आणि कानाकडे गेलं. पुसायला त्याने हात उचलला नाही.

"पाय खाजवते म्हणून हात आपटत होते?" तिचा आवाज आधीच हळू, तो आणखी खाली गेला. "नि मी मांजर आणून पायापाशीच ठेवू?"

तिने कोमट पाणी आणलं. तळव्याने, नखं न लावता, ती त्याचे पाय चोळत बसली. आधी डावा पाय. त्याने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. सून दारात उभी राहून पाहत होती. तिला कोणी काही सांगितलं नाही, तरी तिला सगळं कळलं.

मग बायनाबाई देवापुढे बसली. पोथी उघडली नाही. "देवा," ती म्हणाली, "मी कोणाले मारलं नाई, म्हणून मनात मोठी झाली होती. माहा नेम रोज त्याइलेच चावत होता. आता मी सोडते हा नेम. राग धरशील तं माह्यावर धर."

भाग्यश्रीने हात पुढे केला. "आई, द्या इकडं. मी लावतो. तुमच्या हातानं नको."

"नाई माय. बोलली मी होती. मोडीन बी मीच."

तिने मांजरीच्या मानेमागचे केस दोन बोटांनी बाजूला केले. कातडी तापलेली होती. नळी दाबली. पाण्यासारखा एक थेंब उतरला, पसरला आणि जिरला. मांजरीने फक्त कान हलवला.

अंगणात चूल मांडून हंडा चढवला. गोधड्या उकळल्या, जमीन सारवली, भेगा बुजवल्या. शेवटी परसात जाऊन मोहाखालच्या पाल्याला काडी लावली. पाला ओलसर होता, आधी नुसता धुपला आणि मग एकदम पेटला. धूर कुडावरून गेला तशी गिरजाबाई खोकत आली. "काय जाळून राह्यली व?" बायनाबाईचं तोंड पाहून ती पुढे बोलली नाही. एरवी असं कधी व्हायचं नाही.

पोळा झाला. पोत्याचं नाव निकेशने काढलं नाही. खपल्या गळून पडल्या आणि पोटावर कापसासारखी लव आली. खाट हलेनाशी झाली. आणि मनसाराम झोपू लागला. रात्रभर तलावावर जाळी टाकून आला की सकाळी झोपायचा, तसा, तोंड किंचित उघडं ठेवून. बायनाबाई त्याच्या उशाशी बसून वाती वळायची आणि त्याचा श्वास ऐकायची. हात हलवायचं देवाला सांगितलं होतं, ते तिने पुन्हा सांगितलं नाही.

नवरात्रात त्याचं खाणं कमी झालं. आधी भात गेला, मग पेज. डॉक्टर येऊन गेला, आता वयच झालं म्हणाला. कोजागिरी झाली आणि दोन दिवसांनी सकाळी ती पूजा आटोपून पेज घेऊन आली. मांजर त्याच्या उजव्या कुशीत होती आणि त्याचा डावा हात तिच्या पाठीवर. दोघं निजलेत म्हणून ती वाटी झाकून परत गेली. मांजर उठली नव्हती, म्हणून बायनाबाईला उशिरा कळलं.

दहाव्याला नदीवरून परतताना गिरजाबाई तिचा हात धरून चालत होती. "नेम पुरा झाला असता तं..." ती बोलून गेली आणि लगेच जीभ चावली. "माह्या तोंडाले आग लागो." बायनाबाईने तिचा हात सोडला नाही. पण ते अर्धं वाक्य मासळीच्या काट्यासारखं घशात बसलं. गिळलं तरी टोचायचं, खाकरलं तरी टोचायचं.

कार्तिकी एकादशीला देवळात बाया जमल्या. ज्या त्या बाईने सोडलेली वस्तू देवापुढे ठेवायची, नेम पुरा झाला म्हणून सांगायचं, आणि मग ती वस्तू घरी न्यायची. वांगी आली, कांदे आले, साखरेच्या पुड्या आल्या. बायनाबाई खांबाशी बसली होती. तिच्यापाशी येऊन सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या.

"बायनाचं राहू द्या," गिरजाबाई भराभर म्हणाली. "घरात सुतक पडलं. नेम आपोआप सुटला तिचा."

वाट मोकळी करून दिली होती. मान हलवली असती तरी चाललं असतं.

"सुतकाच्या आंधीच मोडला," बायनाबाई म्हणाली. "मी मोडला. पोळ्याच्या आंधी."

"जाऊ दे," गिरजाबाई हळूच म्हणाली. "नारळ ठेव नि माफी माग देवाले. मोठ्या मनाचा आहे तो."

"नारळ ठेवते." तिने पिशवीतून नारळ काढला, देवापुढे ठेवला, डोकं टेकवलं. उठली. "माफी नाई मागत."

"काऊन व?"

"त्याइले झोप लागली, गिरजा."

ती देवळाबाहेर आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापायला आलं होतं. आपण नवऱ्याला निजवलं की घालवलं, हे तिला ठरवता येत नव्हतं. देवाने ठरवलं असेल तर त्यानेही अजून सांगितलं नव्हतं. घशातला काटा होता तिथेच होता. ती सावकाश चालत गेली.

घरी कोणी नव्हतं; सून बापाच्या गावी बाळंतपणाला गेलेली, निकेश गिरणीवर. खाट कोणाला तरी देऊन टाकायची असते, ती तिने अजून दिली नव्हती. नुसत्या सुतळीवर झिंगी निजली होती, चारी पाय पसरून, पोट वर करून. मांजर अंगाला कुठेच काही टोचत नसलं की तशी निजते. बायनाबाई दारात आली तरी तिने डोळा उघडला नाही.

दिवेलागण झाली होती. बायनाबाईने हातपाय धुतले, निरांजन लावलं, देवांवर फूल वाहिलं. सवयीने घंटी उचलली. उचलली आणि खाटेकडे पाहिलं.

मग तिने घंटीचा लोलक दोन बोटांत घट्ट धरला, आणि आवाज होऊ न देता आरती ओवाळली.